चिनी अक्षरांतली आग ओळखायची कशी? नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

चिनी शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात धडकी भरते ती एका प्रश्नाने: ही हजारो अक्षरं पाठ करायची तरी कशी? माझं उत्तर दरवेळी तेच असतं. सगळी एकदम पाठ करायला जाऊ नका. एक तुकडा धरा, त्याची नीट ओळख करून घ्या आणि मग तो कुठे कुठे लपून बसलाय ते शोधत सुटा. सुरुवात मी आगीपासून करते. या तुकड्याच्या चार रेघा हाताला लवकर बसतात, आणि तो आपल्याला थेट चिनी माणसाच्या चुलीपाशी नेऊन बसवतो. चिनी अक्षरांतली आग वणव्यांची आणि लढायांची असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती मोठ्या प्रमाणावर स्वयंपाकाची आग आहे.

या लेखात मी चिनी अक्षरं छापलेली नाहीत, आणि ते मुद्दाम. छापलेलं अक्षर डोळा नुसतं पाहून पुढे जातो, हाताने काढलेलं लक्षात राहतं. वही-पेन घ्या. फोनच्या कीबोर्डमध्ये चिनी भाषा निवडली की बोटाने लिहायची सोय मिळते, तीही चालू करून ठेवा. मी सांगते तसं अक्षर आधी कागदावर काढा आणि मग फोनवर. फोनने ते ओळखलं की तुमचं अक्षर जमलं.

पहिली पायरी: चार रेघा

आगीचं अक्षर म्हणजे दोन पाय फाकवून उभा राहिलेला माणूस आणि त्याच्या दोन खांद्यांपाशी दोन ठिणग्या. हात नाहीत. आधी डावीकडची ठिणगी काढा, मग उजवीकडची. दोन्ही ठिणग्या खाली येताना माणसाच्या अंगाकडे झुकतात. मग वरून मध्यातून सुरू होऊन डावीकडे खाली घसरणारी लांब रेघ, आणि शेवटी तिच्या साधारण मध्यावरून उजवीकडे खाली उतरणारी चौथी.

आपल्याकडचे विद्यार्थी हटकून माणूस आधी काढतात आणि ठिणग्या नंतर चिकटवतात. अक्षर दिसायला सारखंच होतं, पण क्रम चुकला की पुढे भरभर लिहिताना ते बिघडतं. म्हणून ठिणग्या आधी.

उच्चार ‘ह्वो’. हा तिसऱ्या सुराचा शब्द आहे, म्हणजे आवाज खाली दाबून घ्यायचा आणि सावकाश थोडा वर सोडायचा. हाच ‘ह्वो’ चढत्या सुरात म्हटला तर अर्थ होतो ‘जिवंत’, आणि वरून झटक्यात खाली आणला तर ‘माल’. अक्षर पाठ करताना सूर बाजूला ठेवू नका.

उच्चारांबद्दल आणखी एक, आणि ही मराठी माणसाची मोठी मिळकत आहे. रोमन लिपीत चिनी शब्द वाचताना ‘बी’, ‘डी’, ‘जी’ दिसले तरी चिनी माणूस जवळजवळ प, त, क असंच म्हणतो, आणि ‘पी’, ‘टी’, ‘के’ दिसले की फ, थ, ख. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला फरक आपल्या कानाला लहानपणापासून सवयीचा आहे. इथे मी उच्चार याच हिशेबाने दिले आहेत. प्रसिद्ध नावं मात्र मराठीत रुळलेल्या रूपातच ठेवली आहेत.

दुसरी पायरी: ही आकृती आली कुठून

१८९९ साली वांग यीरोंग या चिनी विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, की औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या हाडांवर कोरलेल्या खुणा म्हणजे प्राचीन लेखन आहे. ही हाडं हनान प्रांतातल्या आनयांगची, शांग राजांच्या शेवटच्या राजधानीतली, तीन हजार वर्षांहून जुनी. गुरांची खांद्याची हाडं आणि कासवाच्या पोटाची कवचं तापवायची, त्यांना तडे जातात ते पाहून कौल लावायचा, आणि प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचा, अशी ती पद्धत. चीनमधलं सर्वांत जुनं भरघोस लेखन आगीच्या धगीनेच घडलंय, हे मला फार भावतं. ‘कौल लावणे’ या अर्थाचं अक्षर, एक उभी रेघ आणि तिला फुटलेली छोटी फांदी, हे तर त्या तड्याचंच चित्र आहे.

या हाडांवरची आग म्हणजे खाली गोलसर बूड आणि वर तीन जिभा असलेली ज्वाळा. तिच्या शेजारी डोंगराचं अक्षर ठेवलं तर दोन्ही इतकी सारखी दिसतात की जाणकारांनाही पुढचा-मागचा संदर्भ पाहावा लागतो. पुढच्या शतकांत बाजूच्या दोन जिभा सुटून ठिणग्या झाल्या आणि मधली ज्वाळा दोन पायांवर उभी राहिली.

इसवी सन १००च्या सुमारास शू शेन या पंडिताने अक्षरांचा कोश रचला. त्याने सगळी अक्षरं ५४० विभागांत लावली. आगीबद्दल तो म्हणतो, ही दक्षिण दिशेची, भडकून वर जाणारी. पुढे १७१६ साली खांगशी सम्राटाच्या आज्ञेवरून झालेल्या कोशाने आधीच्या एका कोशातली २१४ विभागांची पद्धत उचलून रूढ केली आणि त्यात आगीचा क्रमांक आला ८६. हे आकडे आजही कोशांत वापरात आहेत. विभाग ठरवणाऱ्या तुकड्याला चिनीत ‘पूषोउ’ म्हणतात, म्हणजे विभागाचा म्होरक्या. आपल्या वर्गांत सरसकट रॅडिकल म्हणतात, मीही तेच म्हणते.

शू शेनचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे. पण त्याने आनयांगची हाडं पाहिलेली नव्हती. ती तेव्हा जमिनीखाली होती. त्यामुळे त्याचं म्हणणं काही ठिकाणी चुकतं.

तिसरी पायरी: आगीचे वेष

आग अक्षराच्या डावीकडे बसली की अंग चोरते. चौथी रेघ आखडून नुसता ठिपका होते, म्हणजे शेजाऱ्याला जागा मिळते. खाली बसली तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, ती जशीच्या तशी राहते. दुसरी, ती चार ठिपक्यांची एक ओळ होते. रांगोळीचे ठिपके काढताना आपण एक ओळ मांडतो तशी. फक्त पहिला ठिपका डावीकडे झुकतो आणि उरलेले तीन उजवीकडे.

या चार ठिपक्यांवर नजर बसवा. नवशिक्याची सगळ्यांत जास्त आग इथेच निसटते.

चौथी पायरी: चुलीपाशी बसा

‘चूल’ हे अक्षर डावीकडे आग आणि उजवीकडे माती असं आहे. माती म्हणजे अधिकचं चिन्ह आणि त्याच्या पायाशी लांब आडवी रेघ. आग आणि माती, झाली चूल. उच्चार ‘त्साओ’, आणि त्यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चूल’मधला च. ‘चार’मधला नव्हे. इंग्रजीतून चिनी शिकणाऱ्यांना हा आवाज समजावताना घाम फुटतो. मराठी माणसाला नुसतं ‘चूल म्हणा’ सांगितलं की झालं.

चिनी घरांत चुलीचा देवही असतो. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या २३ किंवा २४ तारखेला तो घरातल्या माणसांचा वर्षभराचा अहवाल द्यायला स्वर्गात जातो, अशी श्रद्धा. निघण्याआधी त्याच्या ओठांना चिकट गोड पदार्थ लावतात, वर जाऊन गोड बोलावं म्हणून. तिळगूळ वाटणाऱ्या माणसाला याचं वेगळं स्पष्टीकरण नको.

आता स्वयंपाकाची क्रियापदं. इथे चिनी अक्षरांची मुख्य युक्ती कळते: अक्षराचा एक भाग अर्थ सांगतो आणि दुसरा आवाज. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच घडलेली आहेत.

डावीकडे आग, उजवीकडे ‘थोडं’ या अर्थाचं अक्षर (उच्चार ‘षाओ’), मिळून झालं ‘छाओ’: परतणे. थोडं जाळणे असा अर्थ काढू नका, उजवा भाग केवळ आवाजासाठी आलाय. दक्षिण चीनच्या बोलीतून जगभर गेलेल्या ‘चाऊमीन’मधला ‘चाऊ’ तो हाच. आपल्या चायनीजच्या गाडीवर ‘फ्राइड राइस’ मिळतो, त्याच्या चिनी नावातही पहिलं अक्षर हेच आहे. म्हणजे तो तळलेला नसून परतलेला भात आहे, हे अक्षर स्वच्छ सांगतं.

डावीकडे आग, उजवीकडे ‘परीक्षा’ (खाओ), मिळून पुन्हा ‘खाओ’: निखाऱ्यावर किंवा भट्टीत भाजणे. बीजिंगच्या प्रसिद्ध भाजलेल्या बदकाच्या नावात हे अक्षर आहे. तळण्याच्या अक्षराला मात्र दोन सूर आहेत. चढत्या सुरात ‘चा’ म्हटलं तर तळणे, आणि झटक्यात खाली आणलं तर स्फोट होणे. बॉम्बच्या चिनी शब्दात हेच अक्षर येतं. मेन्यू कार्डावर दिसलं तर घाबरू नका.

तव्यावर पोळी-भाकरीसारखं काही भाजायचं त्याला ‘लाओ’ म्हणतात. त्याच्या उजव्या भागाचा आजचा स्वतंत्र उच्चार ‘क’च्या जवळचा आहे, ‘लाओ’शी अजिबात न जुळणारा. असं खूपदा होईल. अक्षरं घडली तेव्हाचे उच्चार दोन-अडीच हजार वर्षांत सरकले, अक्षरं तिथेच राहिली. आवाजाच्या भागावर भरवसा ठेवा, पण अर्धाच.

चार ठिपकेवाली मंडळीही याच स्वयंपाकघरात आहेत: पाण्यात उकळून शिजवणे, वाफवणे, थोड्या तेलात तव्यावर लालसर करणे. या सगळ्यांत मला सर्वांत आवडतं ते ‘आओ’. मंद आचेवर बराच वेळ आटवत ठेवणे. काढा आटवायचा तर हेच क्रियापद, तांदळाची पेज रटरटत ठेवायची तरी हेच. आणि जागरण करणे यालाही चिनी माणूस ‘आओ-ये’ म्हणतो, म्हणजे शब्दशः रात्र आटवणे. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसलेल्या मुलाला हे अक्षर एकदा दाखवलं की ते तो विसरत नाही.

‘शिजलेलं’ या अर्थाचं अक्षर ‘षू’, तेही चार ठिपक्यांवर उभं. तेच पिकलेल्या फळाला लागतं आणि ओळखीच्या माणसालाही. कच्च्याचा विरोधी शब्दच परक्याचाही विरोधी शब्द. ओळख ही शिजत-शिजत होते, असा या भाषेचा हिशेब आहे.

पाचवी पायरी: गोष्ट सांगणारी अक्षरं

काही अक्षरांत आवाजाचा भाग नसतो किंवा गौण असतो. दोन चित्रं शेजारी ठेवून अर्थ उभा केलेला असतो. ही सावकाश पाहा, एका दिवसात दोनच.

राख, उच्चार ‘ह्वेइ’. वर हाताच्या जुन्या चित्राचा अवशेष, खाली आग. शू शेन याचं कारण देतो: आग मेली की ती हातात धरता येते. राखेची इतकी नेमकी ओळख मी दुसरीकडे वाचलेली नाही. करडा रंगही याच अक्षराने सांगतात.

संकट, उच्चार ‘त्साय’. वर घराचं छप्पर, खाली आग. जुन्या पद्धतीच्या लिखाणात मात्र छपराच्या जागी नदीच्या तीन वाकड्या रेघा येतात, म्हणजे पूर आणि आग एकत्र. तैवान आणि हाँगकाँगमध्ये आजही तसंच लिहितात. चीनमध्ये १९५६पासून अक्षरं सोपी करण्याची योजना राबवली गेली आणि छपराखालची आग अधिकृत झाली.

विझवणे, ‘म्ये’. आगीच्या डोक्यावर एक आडवी रेघ, झाकण ठेवल्यासारखी. हेही सोपं केलेलं रूप. जुन्या रूपात आगीच्या शेजारी पाणी होतं.

आता एक जोडगोळी, जिच्यात वर्गातले अर्धे लोक चुकतात. दोन्हीत आग खाली, आणि वरचा भाग पहिल्या नजरेला सारखाच. एकात वर मांसाचा तिरका तुकडा आहे, आत दोन बारीक टिंबं. हे ‘भाजणे’, आगीवर धरलेलं मांस, एकूण आठ रेघा. दुसऱ्यात वर आवाजासाठी ‘च्यौ’ हे अक्षर आहे, आत टिंबं नाहीत, एकूण सात रेघा. हे औषधी वनस्पतीची वात पेटवून त्वचेजवळ शेक देण्याच्या उपचाराचं अक्षर. ॲक्युपंक्चरला चिनीत ‘चन-च्यौ’ म्हणतात, सुई आणि शेक, त्यातला दुसरा शब्द हाच. दवाखान्याच्या पाटीवर एक टिंब जास्त पडलं तर शेकाचं भाजणं होतं. रेघा मोजायची सवय इथेच लावून घ्या.

यापुढचं अक्षर ‘रान’. वर डावीकडे मांस, उजवीकडे कुत्रा, खाली चार ठिपक्यांची आग. मूळ अर्थ जळणे, जाळणे. पण ‘असं’, ‘तसं’ या अर्थाचा, बोलायला सारखाच एक शब्द होता आणि त्याला अक्षर नव्हतं. त्याने हे अक्षर उसनं घेतलं आणि परत केलंच नाही. आज ‘अर्थात’, ‘जरी’, ‘निसर्ग’ अशा रोजच्या शब्दांत ते दिसतं आणि आगीचा तिथे काही संबंध उरलेला नाही. मग जळण्याचं काय? लोकांनी डावीकडे आणखी एक आग जोडली. त्यामुळे ‘जळणे’ या अक्षरात आज दोन आगी आहेत, एक खाली ठिपक्यांत आणि एक डाव्या हाताला.

हाच प्रकार दिव्याच्या वातीचा झाला. ‘मालक’, ‘मुख्य’, ‘यजमान’ या अर्थाचं ‘चू’ हे अक्षर काढा: तीन आडव्या रेघा, मधून एक उभी, आणि सर्वांत वर एक टिंब. शू शेन सांगतो, हे दिव्यातल्या ज्योतीचं चित्र, वरचं टिंब म्हणजे ज्योत. अक्षर मालकाच्या घरी गेलं तेव्हा वातीसाठी त्याच्याच डावीकडे आग जोडून नवीन अक्षर केलं. एकदा ही तऱ्हा कळली की कोशात एकाच अर्थाचा तुकडा दोनदा दिसला की थांबून विचार करा: मूळ अक्षर कोणी उसनं नेलंय?

डोकं तापणं हे मराठीत आपण सहज म्हणतो. चिनीत त्याचं अक्षरच आहे. डावीकडे आग, उजवीकडे डोकं, उच्चार ‘फान’. शू शेनच्या काळी अर्थ होता ज्वराने डोकं दुखणे, आज अर्थ आहे वैताग. त्याच्याच जवळचं ‘च्याओ’: वर आखूड शेपटीचा पक्षी, खाली चार ठिपके. करपणे हा अर्थ, आणि त्यातूनच पुढे चिंता, जिवाची काहिली.

उजेडाचं अक्षर ‘क्वांग’ हाडांवर पाहिलं तर गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आग धरलेली दिसते. आजच्या रूपात वरच्या चार रेघा म्हणजे तीच आग, खाली माणसाचे दोन पाय उरलेत. कोशात मात्र हे अक्षर पायांच्या विभागात ठेवलंय, आगीच्या नाही. शोधताना अडाल म्हणून सांगून ठेवते.

शरद ऋतूचं ‘छ्यौ’ म्हणजे धान्याचं रोप आणि शेजारी आग. हाडांवर तिथे धान्य नसून मिशा असलेला किडा आहे आणि काही ठिकाणी त्याच्याखाली आग. हा किडा कोणी रातकिडा मानतं, कोणी टोळ. याच शरद ऋतूखाली काळजाचं चित्र ठेवलं की होतं दुःख.

आगीवर आग रचलेलीही अक्षरं आहेत. दोन आगी एकावर एक म्हणजे ‘येन’: भडका, आणि वैद्यकात दाह. न्यूमोनिया हा फुप्फुसांचा ‘येन’, हिपॅटायटिस यकृताचा. तीन आगींचं आणि चार आगींचं अक्षरही आहे, पण ती बहुतेक माणसांच्या नावांतच भेटतात.

सहावी पायरी: फसवे ठिपके

चार ठिपके दिसले की लगेच आग म्हणू नका. जुन्या पद्धतीच्या लिखाणात मासा, घोडा आणि पक्षी या तिन्ही अक्षरांच्या तळाशी चार ठिपके असतात. माशाचे ठिपके शेपटीचे, घोड्याचे पायांचे. सोप्या लिपीत या तिघांचे ठिपके जाऊन एक आडवी रेघ आली. पाकोळीच्या अक्षरात मात्र ते आजही आहेत आणि कोशाने ते अक्षर आगीच्या विभागात टाकलंय, जरी ठिपके म्हणजे तिची दुभंगलेली शेपटी असली तरी. ‘नाही’ या अर्थाच्या जुन्या अक्षरातही ठिपके आहेत, आणि ते मुळात हातात काही धरून नाचणाऱ्या माणसाचं चित्र आहे.

सर्वांत गंमतीचं ‘करणे’ या अर्थाचं जुनं अक्षर. शू शेनने त्यात माकडीण पाहिली. हाडं सापडल्यावर कळलं, की तो हात आहे, हत्तीला नेणारा. खालचे ठिपके हत्तीच्या पायांचे.

आणि ‘ठिपका’ या शब्दाच्या आजच्या अक्षरात खाली चार ठिपकेच आहेत. ते ‘काळा’ या अक्षराचे उरलेले अवशेष. जुन्या रूपात डावीकडे पूर्ण ‘काळा’ होता, सोपं करताना त्याचे पाय तेवढे ठेवले.

मग ओळखायचं कसं? अर्थ आधी पाहा. उष्णता, उजेड, स्वयंपाक, धूर, मनाची तगमग यांपैकी काही असेल तर आग. प्राणी असेल तर पाय किंवा शेपूट असण्याची शक्यता जास्त.

सातवी पायरी: आगीचा रॅडिकल आणि आगीचं तत्त्व यांत गल्लत नको

पाच तत्त्वांचा चिनी विचार ऐकला की आपल्याला पंचमहाभूतं आठवतात. ती वेगळी. चिनी यादीत लाकूड, आग, माती, धातू, पाणी आहेत, वायू आणि आकाश नाहीत. यादीच्या नावातल्या ‘शिंग’ या शब्दाचा मूळ अर्थ चालणे, म्हणून ही स्थिर द्रव्यं नसून फिरणारं चक्र आहे. लाकूड आग जन्माला घालतं, आग राख म्हणजे माती, माती धातू, धातू पाणी, पाणी लाकूड. मात करण्याचा क्रम निराळा: पाणी आगीवर, आग धातूवर.

आगीच्या वाट्याला दक्षिण, उन्हाळा, लाल रंग, हृदय आणि कडू चव येते. यांतल्या दक्षिण, उन्हाळा आणि हृदय यांच्या अक्षरांत आगीचा रॅडिकल कुठेच नाही. कालगणनेतली ‘पिंग’ आणि ‘तिंग’ ही चिन्हं आगीची मानतात, त्यांच्यातही नाही. १७ फेब्रुवारी २०२६ला सुरू होणारं चिनी वर्ष ‘पिंग-वू’ आहे, म्हणूनच ते आगीच्या घोड्याचं वर्ष. त्या दोन अक्षरांत आग शोधत बसलात तर सापडणार नाही.

रॅडिकल आणि तत्त्व यांची खरी सांगड पाहायची तर मिंग राजघराण्यात पाहा. घराण्याचा संस्थापक झू युआनझांग याने दंडक घालून दिला, की प्रत्येक पिढीच्या नावात चक्रातलं पुढचं तत्त्व रॅडिकल म्हणून यावं. मुलगा झू दी: लाकूड. नातू झू गाओची: आग, डावीकडे. पुढे झानजी: माती. छीझेन: धातू. जियानशेन: पाणी. योउचेंग: पुन्हा लाकूड. होउझाओ: आग, पण या वेळी चार ठिपक्यांची. १३६८ ते १६४४ एवढ्या काळाच्या वंशावळीत तुम्ही नुसती अक्षरं पाहून पिढी ओळखू शकता. जाता जाता सांगते: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं चिनी नाव ‘ख तीह्वा’. त्यातलं ‘ती’ हे झू दीच्या नावातलंच लाकडाचं अक्षर आहे.

आणखी एक दाखला. इसवी सन २५ मध्ये पूर्व हान घराण्याने लुओयांगला राजधानी केली. हे घराणं स्वतःला आगीच्या तत्त्वाचं मानत होतं, आणि शहराच्या नावात डावीकडे पाण्याचे तीन थेंब. पाणी आगीवर मात करतं. म्हणून ते थेंब काढून त्यांच्याऐवजी उजवीकडे पक्षी घालून नाव लिहिण्याची आज्ञा झाली, उच्चार तोच ठेवून. २२० साली वेई घराणं आलं. त्यांचं तत्त्व माती, त्यांना पाण्याचं भय नव्हतं. त्यांनी पक्षी उडवून थेंब परत आणले.

आठवी पायरी: जोडशब्द, जे तुम्हाला अर्धे येतातच

इथे मराठी माणसाने सुखावून जावं. आग अधिक गाडी, ‘ह्वो-छ’: आगगाडी. आग अधिक बाण, ‘ह्वो-च्येन’: अग्निबाण, म्हणजे रॉकेट. आग अधिक सरपण, ‘ह्वो-छाय’: आगकाडी. आग अधिक डोंगर: ज्वालामुखी. आग अधिक औषध: बंदुकीची दारू. आग अधिक तारा: मंगळ. आपणही मंगळाला अंगारक म्हणतो आणि मंगळवारी आलेल्या संकष्टीला अंगारकी. जपानीत तर मंगळवारच्या नावातच हे आगीचं अक्षर बसलंय.

‘आग वर चढणे’ या चिनी शब्दप्रयोगाचा अर्थ तोंड येणे, घसा धरणे, पुटकुळ्या उठणे. आपण म्हणतो उष्णता झाली. उपायही तसाच, थंड प्रकृतीचं काहीतरी प्यायचं.

आणि ‘साथीदार’ या अर्थाचं ‘ह्वो’: डावीकडे माणूस, उजवीकडे आग. जुन्या काळी लष्करात दहा शिपाई एका आगीवर रांधून जेवत. एका आगीचे ते सोबती. आपल्याकडे घर फुटलं की चूल वेगळी झाली म्हणतात, त्याची ही दुसरी बाजू.

नववी पायरी: एक पाटी वाचा

चीनमधल्या जुन्या गल्ल्यांत, देवळांत, लाकडी घरांच्या वस्तीत चार अक्षरांची सूचना दिसते: ‘श्याओ-शिन ह्वो-चू’. पूर्वी रात्रीचे पहारेकरी हीच हाळी देत फिरत. पहिली दोन अक्षरं ‘लहान’ आणि ‘हृदय’, मिळून अर्थ होतो जपून. तिसरं आता तुम्हाला येतं. चौथ्याच्या डाव्या बाजूला अंग चोरून बसलेली आग ओळखा. उजवीकडे किडा दिसेल, पण त्याच्यावर गोष्ट रचू नका. जुन्या रूपातल्या मोठ्या आवाजाच्या भागातला तो उरलेला तुकडा आहे. आग म्हणजे अर्थ, किडा म्हणजे आवाजाचा अवशेष, मिळून मेणबत्ती. आगीला आणि मेणबत्तीला जपा, एवढंच त्या पाटीवर लिहिलंय. वहीत चारही अक्षरं काढा, ठिणग्या आधी.